वाकडा कणा, कायरोप्रॅक्टिक आणि आयोवातली दोन गावं

"डॉक्टर, मुलीच्या पाठीचा कणा एस आकाराचा आलाय एक्स-रेमध्ये. पाठही दुखते म्हणते. कायरोप्रॅक्टरकडे नेलं तर सरळ होईल का?"

हा प्रश्न आता दवाखान्यात वरचेवर येतो. कट्कन आवाज करून मणका 'बसवणारे' व्हिडिओ घरोघरी मोबाईलवर पोहोचले आहेत. प्रश्न एकच वाटला तरी त्यात दोन प्रश्न आहेत. दुखणं कमी होईल का, हा एक. वाक सरळ होईल का, हा दुसरा. या दोन प्रश्नांची गल्लत फार जुनी आहे. तिचा इतिहास समजला की उत्तर देणं सोपं जातं.

शिडीवरून उलटं टांगणं

कणा एका बाजूला वाकणं, म्हणजे स्कोलिओसिस, हा आजार माणसाला प्राचीन काळापासून माहीत आहे. नावही ग्रीक आहे; 'स्कोलिओस' म्हणजे वाकडा. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरच्या ग्रंथात कण्याच्या वाकासाठी एक उपाय वर्णन केला आहे. रोग्याला शिडीला बांधायचं, शिडी उंच उचलायची आणि एकदम खाली सोडायची. वजनाच्या हिसक्याने मणके जागेवर बसतील, ही कल्पना. गंमत म्हणजे, बहुतेक लोक हा प्रकार बघ्यांना थक्क करण्यासाठीच करतात, अशी नापसंती त्याच ग्रंथात नोंदवलेली आहे. आजचे व्हिडिओ पाहताना मला हे वाक्य हमखास आठवतं.

पुढे सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआज पारे या शल्यवैद्याने लोखंडी पत्र्याची कंचुकी बनवून घेतली. 1870 च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉ. लुईस सेयर रोग्याला हनुवटी आणि काखेतून टांगून त्याच अवस्थेत अंगाभोवती प्लास्टर घालत. म्हणजे ओढून, दाबून, हिसका देऊन कणा सरळ करण्याचा मोह आमच्या वैद्यकशास्त्रालाही शेकडो वर्षं होता. कायरोप्रॅक्टिकला हसण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

एका डॉक्टरचा कणा

वाक म्हणजे नुसतं 'सरकलेलं हाड' नव्हे, हे कळायला एका रोग्याचा मृत्यू कारणीभूत ठरला. गिडिअन मँटेल हे इंग्लंडमधले शल्यवैद्य. इग्वानोडॉन या डायनोसॉरचा शोध लावणारे म्हणून जगाला माहीत. 1841 मध्ये घोडागाडीच्या अपघातानंतर त्यांना कण्याच्या भयंकर वेदना सुरू झाल्या. वेदनांसाठी ते अफू घेत आणि 1852 मध्ये अफूचा डोस जास्त झाल्यानेच त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात त्यांचा कणा तपासला तेव्हा तो तीव्र वाकलेला निघाला. लंडनच्या विल्यम अ‍ॅडम्स यांनी तो अभ्यासला. मणके नुसते बाजूला झुकले नव्हते, ते स्वतःभोवती पिळलेही गेले होते.

अ‍ॅडम्स यांनी 1865 मध्ये आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. रुग्णाला गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगा. पीळ असेल तर पाठीची एक बाजू उंचवट्यासारखी वर येते. आजही शाळेतल्या तपासणीत आम्ही हीच चाचणी करतो. ती घरीही करता येते, एक पैसाही लागत नाही.

मँटेल यांची कहाणी आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. वाकड्या कण्याचं दुखणं खोटं नसतं. ते माणसाला काहीही करून बघायला भाग पाडतं.

1895 : दोन घटना

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठी डॅव्हनपोर्ट नावाचं गाव आहे. तिथे डॅनिएल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करत. कॅनडात जन्मलेले, कधीकाळी किराणा दुकान चालवलेले. 18 सप्टेंबर 1895 रोजी त्यांनी इमारतीतला झाडलोट करणारा कामगार हार्वी लिलार्ड याच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचा अनेक वर्षांचा बहिरेपणा सुधारला, असा त्यांचा दावा होता. शरीरशास्त्र सांगतं की ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यांतून ती जातच नाही. पण पामर यांनी यातून सिद्धांत मांडला : बहुतेक आजारांचं मूळ मणके किंचित सरकण्यात आहे आणि हाताने ते बसवले की शरीर स्वतःच बरं होतं. ग्रीक शब्दांवरून नाव ठेवलं कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने केलेलं काम. 1897 मध्ये शाळा निघाली. 1906 मध्ये परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल पामर तुरुंगातही गेले.

दुसरी घटना दोन महिन्यांच्या आतली. 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीत राँटजेन यांना एक्स-रे सापडले. आता जिवंत माणसाचा कणा दिसू लागला. कायरोप्रॅक्टर मंडळींनीही हे यंत्र उत्साहाने स्वीकारलं. पामर यांचे चिरंजीव बी. जे. पामर यांनी 1910 मध्ये ते आपल्या शाळेत आणलं. पण एक्स-रे दुधारी निघाला. मणका सरकला आहे असं म्हणणं सोपं होतं. आता सरकलेला मणका दाखवावा लागणार होता आणि उपचारानंतर वाक कमी झाला का, हेही मोजावं लागणार होतं.

पट्टी आणि पेन्सिल

मोजण्याची पद्धत 1948 मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. जॉन कॉब यांनी दिली. वाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे सर्वांत तिरके मणके शोधायचे, त्यांच्या कडांवरून रेषा काढायच्या आणि त्यांतला कोन मोजायचा. 10 अंशांहून कमी असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणत नाहीत.

या कोनाबद्दल पालकांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. एकाच एक्स-रेवर दोन डॉक्टरांच्या मोजणीत 3 ते 5 अंशांचा फरक पडू शकतो. आणि आडवं झोपलं की वाक आपोआप थोडा कमी दिसतो. त्यामुळे 'आधी 22 अंश, नंतर 18 अंश' अशी चित्रं पाहून भारावून जाऊ नका.

मोजमाप आल्यावर कायरोप्रॅक्टिकचीही परीक्षा झाली, तीही त्याच शाखेतल्या संशोधकांकडून. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 20 अंशांपर्यंतचा वाक असलेल्या 42 लहान मुलांवर मणक्यांची हाताळणी, टाचेखाली आधार आणि बसण्या-उठण्याचं मार्गदर्शन असे उपचार झाले. वाक कमी झाला नाही. लेखकांनी तसं स्पष्ट लिहिलं, याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं.

दुसरं गाव

डॅव्हनपोर्टपासून सुमारे 90 किलोमीटरवर आयोवा सिटी आहे. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात 1932 ते 1948 दरम्यान स्कोलिओसिसची जी मुलं दाखवायला आली, त्यांपैकी उपचार न झालेल्यांचा मागोवा पुढे तब्बल 50 वर्षं ठेवला गेला. बाळांच्या वाकड्या पावलांसाठी प्लास्टरची पद्धत शोधणारे डॉ. पॉन्सेटी याच रुग्णालयातले आणि या कामातही त्यांचा मोठा वाटा. 2003 चे निष्कर्ष असे : 61 टक्के लोकांना जुनाट पाठदुखी होती, स्कोलिओसिस नसलेल्या त्याच वयाच्या लोकांत हे प्रमाण 35 टक्के. पण दुखणाऱ्यांतही बहुतेकांचं दुखणं सौम्य किंवा मध्यम होतं आणि बहुतेकांनी नोकरी, लग्न, मुलंबाळं असं नेहमीचं आयुष्य काढलं.

याच विद्यापीठाच्या डॉ. वाइनस्टाइन यांच्या नेतृत्वाखाली 2013 मध्ये पट्ट्याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाढत्या वयाच्या मुलांत पट्टा वापरणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांचा वाक वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत 48 टक्के. रोज सुमारे 13 तासांहून जास्त पट्टा घालणाऱ्यांत यश 90 टक्क्यांवर गेलं. फायदा इतका उघड होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला.

न्यायालयाने काय म्हटलं, काय नाही

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या डॉक्टरांना कायरोप्रॅक्टरांशी संबंध ठेवायला अनेक वर्षं मनाई केली होती. त्याविरुद्ध 1976 मध्ये खटला झाला आणि 1987 मध्ये निकाल कायरोप्रॅक्टरांच्या बाजूने लागला. त्याचा दाखला आजही दिला जातो. पण तो खटला धंद्यातल्या अडवणुकीबद्दल होता. कणा सरळ होतो की नाही, हे ठरवणं न्यायालयाचं काम नव्हतं.

मग आपण काय करायचं?

मोठ्या माणसाला स्कोलिओसिस आहे आणि कंबर दुखते, तर प्रशिक्षित व्यक्तीने केलेल्या हलक्या हाताळणीने काहींना आराम पडतो. साध्या कंबरदुखीत असा माफक फायदा अभ्यासांत दिसतो. तो आराम खरा, पण वाक त्याने बदलत नाही. तो कट् आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सोबत नियमित व्यायाम हवाच.

ऑस्टिओपोरोसिस, कण्याचा क्षयरोग, गाठ, किंवा ऑपरेशन करून बसवलेले रॉड असतील तर झटके मुळीच देऊ नयेत. आपल्याकडे कण्याचा क्षयरोग आजही दिसतो, म्हणून आधी निदान, मग हात. मानेला झटका देण्यातही, क्वचित का होईना, रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघाताचा धोका असतो.

वाढत्या वयाच्या मुलांचं गणित वेगळं आहे. पट्ट्याचा उपयोग वाढ चालू आहे तोवरच होतो आणि मुलींमध्ये पाळी सुरू होण्याच्या आगेमागे वाक सर्वांत वेगाने वाढू शकतो. या काळात सहा महिने 'मणके बसवून घेण्यात' गेले तर पैसे गेल्याचं दुःख किरकोळ. गेलेली वाढ परत येत नाही. म्हणून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, कोन मोजून घ्या, सांगितलेल्या तारखेला पुन्हा दाखवा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका.

कोणीही उपचार सुचवला, अगदी मी सुचवला तरी, एक प्रश्न जरूर विचारा : हा दुखण्यासाठी आहे की वाकासाठी? आणि वाकासाठी म्हणाले, तर तो मोजणार कधी आणि कसा?