शुद्ध पाणी कुणी ठरवायचे?

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. मग सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले! म्हणजे शेणाने शुद्धी, माणसाने विटाळ. आमच्या वाशीम जिल्ह्यात, कळंबेश्वरला, २०१६ साली बापूराव ताजने या दलित मजुराच्या पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले. त्यांनी सुमारे ४० दिवसांत एकट्याने विहीर खोदली, पाणी लागले. आता नळ आलेत. पाणी शुद्ध की अशुद्ध, हे तरी तपासणीने ठरू द्या. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावे, असे भारतीय मानक सांगते. आम्ही नगरपरिषदेकडे एवढेच मागतो: नमुना आमच्या वस्तीच्या शेवटच्या नळाचा घ्या आणि अहवाल तिथेच लावा.