मुलींचं कॉलेज : दार वेगळं असो, परीक्षा कोणती?

बारावीचा निकाल लागला की आमच्या मेहकरच्या मोहल्ल्यात एक चर्चा हमखास सुरू होते. मुलीने शिकावं की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. वाद असतो तो कॉलेजचा. यंदा तो माझ्या बहिणीच्या घरी आहे. भाचीला बी.फार्म. करायचं आहे. फार्मसीचं कॉलेज चिखलीला आहे, पण तिथे मुलं-मुली एकत्र शिकतात. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं असं की खामगावला महिला महाविद्यालय आहे, तिथे बी.ए. करू दे. खाला म्हणून माझं मत विचारलं गेलं. मत देण्याआधी मला थोडं मागे जाऊन पाहावंसं वाटलं.

आपल्याच जिल्ह्यापासून सुरुवात करू. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि त्यांनी मुलीला घरीच शिकवलं. एवढी धारदार लेखणी, पण ती घराच्या चार भिंतींत तयार झाली. मुलींचं कॉलेज की एकत्र कॉलेज, हा प्रश्न ताराबाईंच्या वाट्याला आलाच नाही. आज तो आपल्या मुलींपुढे आहे, हीच मुळात मोठी कमाई आहे.

पुढे मुलींसाठी वेगळ्या संस्था निघाल्या. १९१६ या एकाच वर्षी अशा दोन संस्था उभ्या राहिल्या. पुण्याजवळ हिंगण्याला महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. दिल्लीत लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज सुरू झालं. दोन्ही फक्त मुलींसाठी, पण रस्ते वेगळे.

कर्व्यांनी मातृभाषेतून शिक्षण ठेवलं आणि गृहजीवनाला उपयोगी पडतील असे विषय घातले. मुंबई विद्यापीठाचा इंग्रजी अभ्यासक्रम ज्यांना झेपणारा किंवा परवडणारा नव्हता, अशा कितीतरी जणींना त्यामुळे शिकता आलं. हे उपकार विसरता येणार नाहीत. पण १९२१ साली पहिल्या पाच जणी पदवीधर झाल्या, आणि विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ साली. म्हणजे तीस वर्षं पदवी हातात होती, पण तिच्यामागे सरकारी शिक्का नव्हता.

लेडी हार्डिंगचं तसं नव्हतं. वर्ग मुलींचे, पण कॉलेज पंजाब विद्यापीठाला जोडलेलं. शेवटच्या परीक्षेसाठी मुलींना लाहोरच्या किंग एडवर्ड मेडिकल कॉलेजात जावं लागे. शिकण्याची जागा वेगळी असली तरी कसोटी तीच होती. अलीगढच्या शेख अब्दुल्ला आणि वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ मध्ये मुलींची शाळा काढली होती. त्यांची मुलगी रशीद जहाँ आधी लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजात आणि मग लेडी हार्डिंगमध्ये शिकली. दोन्ही मुलींचीच कॉलेजं. तिथून ती डॉक्टर होऊन बाहेर पडली आणि १९३२ साली ‘अंगारे’ या उर्दू संग्रहाच्या चार लेखकांपैकी एक झाली. मुलींच्या कॉलेजात शिकलेली मुलगी दबून राहते, असं म्हणणाऱ्यांनी रशीद जहाँ आठवावी.

मग एकत्र कॉलेज म्हणजे आपोआप बरोबरी, असंही नाही. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकणारी पहिली मुलगी. वर्गातली मुलं तिच्या तोंडावर दार लावून घेत. ती परीक्षेत पहिली आली, तरी इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मुलगी म्हणून नाकारली गेली. पुढे ऑक्सफर्डला ती सॉमरव्हिल या मुलींच्या संस्थेत राहिली. १८९२ मध्ये तिने कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी मिळायला तीस वर्षं गेली. तरी भारतात परतल्यावर पडदानशीन बायकांच्या मालमत्तेसाठी तीच उभी राहिली.

यातून मला एवढंच कळतं की फाटकावरची पाटी पाहून निर्णय घेता येत नाही. आत कोणते विषय आहेत, त्या पदवीने पुढे काय करता येतं, हे पाहावं लागतं. ज्या घरात मुलींचं कॉलेज किंवा लग्न एवढेच दोन पर्याय असतील, तिथे मी डोळे झाकून मुलींचं कॉलेज म्हणेन. बी.ए. हलकी पदवी आहे, असंही माझं म्हणणं नाही. ज्या मुलीला इतिहास किंवा भाषा शिकायची आहे तिने खामगावला जरूर जावं.

पण माझ्या भाचीने सीईटी दिली आहे. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी अशा गटांतल्या मुलींची शिक्षण फी सरकार भरतं. चिखली मेहकरहून खामगावपेक्षा जवळ आहे. राहता राहिली मोठ्यांची काळजी. ती खोटी नाही. एसटीची गर्दी, संध्याकाळची शेवटची गाडी, गावातली तोंडं, हे सगळं मीही सोसलं आहे. त्यावर उपाय शोधता येतात. बरोबरच्या दोन मुली शोधा, वसतिगृहाची चौकशी करा, अब्बू एकदा जाऊन कॉलेज पाहून येऊ देत. पण औषधशास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलीला दुसऱ्याच विषयात बसवणं हा काळजीवरचा उपाय नव्हे.

बहिणीला मी हेच सांगितलं. इल्म हासिल करणं फर्ज आहे, हे घरात सगळेच मानतात. आता प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी एकदा तिला स्वतःला समोर बसवून विचारा, बेटा, तुला काय शिकायचं आहे?