विद्यार्थ्याच्या हातून झालेला एक प्रयोग

शिकत असलेल्या विद्यार्थ्याच्या हातीं संशोधनाचा खरा प्रश्न द्यावा किंवा नाहीं, याविषयीं अध्यापकवर्गांत नेहमींच दोन पक्ष आढळतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, आधीं विषय पुरता पचूं द्यावा, हात बसूं द्यावा, आणि मगच नव्या वाटेचें नांव काढावें. दुसरा पक्ष म्हणतो, पाण्यांत उतरल्यावांचून कोणाला पोहतां आलें आहे? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें चार वर्षांच्या पदवीक्रमांत अखेरच्या वर्षीं संशोधनास स्थान दिलें. तेव्हांपासून हा वाद आपल्या घरांतल्या मुलामुलींपर्यंत येऊन पोंचला आहे. अशा वेळीं मँचेस्टर येथें १९०९ सालीं एका विद्यार्थ्यानें केलेल्या प्रयोगाची हकीकत पाहण्यासारखी आहे.

मँचेस्टर विद्यापीठांत त्या वेळीं अर्नेस्ट रदरफोर्ड हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. ते १९०७ सालीं तेथें आले, आणि १९०८ सालीं त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. हान्स गायगर हे त्यांचे जर्मन सहकारी. किरणोत्सर्गी द्रव्यांतून सुटणारे आल्फा कण धातूच्या पातळ पत्र्यांतून जातांना किंचित् वांकतात. त्या वांकण्याचें मोजमाप गायगर करीत होते. अर्नेस्ट मार्सडेन हा लँकेशायरमधील एका विणकराचा मुलगा, वय अवघें वीस वर्षांचें. या मुलास एखादें लहानसें संशोधन द्यावें असें गायगर यांनीं सुचविलें, तेव्हां रदरफोर्ड म्हणाले कीं, कांहीं कण मोठ्या कोनांतून वळतात काय, हें त्याला पाहूं द्या. असें कांहीं आढळेल ही अपेक्षा आपणांस नव्हती, असें पुढें उतारवयांत रदरफोर्ड यांनीं स्वतःच सांगितलें आहे. जे. जे. टॉमसन यांच्या तत्कालीन कल्पनेप्रमाणें अणूंतील धनविद्युत् सबंध अणुभर पसरलेली होती; वेगवान् आणि जड अशा आल्फा कणास मागें फिरविण्याइतका जोर अशा विरळ विद्युतेंत असणें शक्य नव्हतें.

प्रश्न असा एकच आणि नेमका होता. त्याचें उत्तर ‘नाहीं’ असें आलें असतें, तरी श्रम वायां गेले नसते. मांडणीहि साधीच होती. काचेच्या नळींत किरणोत्सर्गी वायु भरून तिचें तोंड अभ्रकाच्या अत्यंत पातळ पापुद्र्यानें बंद केलें होतें. त्यांतून बाहेर पडणारे कण धातूच्या पत्र्यावर जात. बाजूस झिंक सल्फाइडचा लेप दिलेला पडदा होता. त्यावर कण आदळला कीं प्रकाशाचा एक बारीक ठिपका क्षणभर चमके, आणि काळोखांत बसून सूक्ष्मदर्शकांतून तो मोजावयाचा. नळी आणि पडदा यांच्यामध्यें शिशाची पाटी उभी केली होती. कारण नळींतून थेट पडद्यावर येणारे कण अडविल्यावांचून पत्र्यावरून परतलेले कण ओळखावयाचे कसे? पत्रा काढून घेतल्यावरहि थोडे ठिपके दिसत. ते हवेमुळें उमटत. म्हणून तेहि निराळे मोजून वजा करण्यांत आले. फसगतीच्या वाटा आधीं बंद कराव्या आणि मग डोळ्यांवर विश्वास ठेवावा, असा हा क्रम होता.

कण परत येत होते. तेवढेंच सांगून थांबणें सोपें होतें. परंतु गायगर व मार्सडेन यांनीं एका वेळीं एकच गोष्ट बदलून चौकशी पुढें नेली. प्रथम धातु बदलला. सोन्यावरून मिनिटास ६७, तांब्यावरून १४.५, तर ॲल्युमिनियमवरून केवळ ३.४ ठिपके मोजले गेले. म्हणजे सामान्यतः जड अणूंचे धातु अधिक कण परतवीत होते. मग सोन्याच्या वर्खाचे थर वाढवून पाहिले, तों ठिपकेहि कांहीं मर्यादेपर्यंत वाढत गेले. म्हणजे कण केवळ पृष्ठभागावरून उसळत नसून धातूच्या आंत शिरून मागें फिरत होते. शेवटीं प्रमाण काढलें: प्लॅटिनमवर पडलेल्या सुमारें ८,००० कणांपैकीं एक परत येई. त्याच वर्षीं रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत हा निबंध दोघांच्याहि नांवानें प्रसिद्ध झाला.

या आंकड्यानें रदरफोर्ड यांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. लहान लहान अनेक धक्क्यांची बेरीज होऊन कण असा उलटा फिरेल, हें गणितास पटेना. १९११ सालीं त्यांनीं प्रतिपादन केलें कीं, अणूचें बहुतेक सारें वस्तुमान व विद्युद्भार मध्यभागीं अत्यल्प जागेंत एकवटलेला असला पाहिजे. अणुकेंद्राची कल्पना ती हीच. १९१३ पर्यंत गायगर व मार्सडेन यांनीं एक लाखाहून अधिक ठिपके मोजून तिचा पडताळा पाहिला. पुढें महायुद्ध आलें, आणि एका पडद्याशीं बसलेले हे दोघे एकमेकांविरुद्धच्या सैन्यांत गेले.

आतां मूळ वादाकडे वळूं. पहिल्या पक्षाचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. मार्सडेन एकटा सोडलेला नव्हता. साधनें प्रयोगशाळेंत होतीं, पद्धत मुरलेली होती, आणि गायगर यांच्यासारखा कसलेला माणूस शेजारीं होता. परंतु त्याला दिलेल्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नव्हतें. आपल्या प्रयोगवह्यांची गोष्ट निराळी आहे. गुरुत्वत्वरण ९.८ हें आधींच ठाऊक असल्यावर लंबकाचे झोके कसेहि मोजले, तरी वहींतला आंकडा ९.८ च्या आसपास येऊन पोंचतोच! अशा अभ्यासानें हात बसेल. परंतु अनपेक्षित दिसलेलें जसेंच्या तसें लिहून ठेवण्याचें धैर्य त्यानें येत नाहीं. नव्या क्रमांतला शेवटच्या वर्षाचा प्रकल्पहि त्याच वहीचा एक जाड भाग होऊन बसण्याचें भय आहे. तें टाळणें प्रथम मार्गदर्शकाच्या हातीं आहे. प्रश्न लहान असो, साधनें जुनीं असोत; पण उत्तर त्याला स्वतःलाहि ठाऊक नसावें, आणि विद्यार्थ्यानें अविश्वसनीय आंकडा आणून पुढें ठेवला तर तो खोडण्यापूर्वीं त्यानें एकदां शेजारीं बसून मोजून पाहावें.