पदच्छेदाचा एक अर्वाचीन प्रमाद

घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम होय. १९८१ साली औरंगाबादेपासून वेगळ्या झालेल्या जालना जिल्ह्यात ते मोडते. हे ग्रामनाम दोन शब्दांत लिहितात. अर्थतः ते एकच पद आहे. या नावाने संगणकात ठेवलेल्या एखाद्या जुन्या कागदाच्या छायाप्रतीची जी गत होते, ती भाषाभ्यासकाने पाहण्यासारखी आहे.

जावा ही संगणकभाषा १९९६ साली प्रसृत झाली. तीत रचलेला डेस्कटॉप प्रोग्राम सर्व कामे स्वतः करीत नाही. छायाप्रतीतील अक्षरे वाचावयाची झाल्यास तो टेसरॅक्टसारख्या परक्या प्रोग्रामास आज्ञा देतो. त्यासाठी ‘रनटाइम’मध्ये ‘एक्झेक’ ही योजना आहे. तिला सबंध आज्ञा एका ओळीत दिली की ती त्या ओळीचा पदच्छेद केवळ रिकाम्या जागेवरून करते. परिणामी ‘जांब समर्थ’चे दोन तुकडे पडतात व टेसरॅक्ट ‘जांब’ नावाची फाईल शोधू लागते. नाव अवतरणचिन्हांत घालूनही कार्यभाग साधत नाही. त्या चिन्हांचा अर्थ शेल जाणते. येथे शेल मध्यस्थ नसल्याने चिन्हे तुकड्यांनाच चिकटून जातात.

पाणिनीने पदाची व्याख्या प्रत्ययावरून केली, रिकाम्या जागेवरून नव्हे. मोडी लिहिणारा तर आधी शिरोरेषा ओढी आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जाई. पद कोठे संपते हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे असे. असा अखंड मजकूर एक्झेकने एकच पद मानला असता!

वस्तुतः पदे सुटी करून देण्याची सोय एक्झेकमध्येही पहिल्यापासून होती. परंतु एका ओळीची वाट सोपी, म्हणून तीच रुळली. २००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत ‘प्रोसेसबिल्डर’ आले. त्यात पदांची यादीच द्यावी लागते. आज्ञा देणाराच पदसीमा ठरवितो. विंडोजमध्ये मात्र नव्या प्रोग्रामच्या हाती एकच ओळ पडते. त्यामुळे सुटी पदे पुन्हा जोडावी लागतात आणि जेथे नावात रिकामी जागा असेल तेथे जावा स्वतः अवतरणचिन्हे घालते.

मार्च २०२२ मध्ये अठराव्या आवृत्तीने एका ओळीची एक्झेक त्याज्य ठरविली. काढून टाकली नाही. जुन्या प्रोग्रामांत ती अद्याप नांदते आहे, आणि तेथे काम करणारास गावाचे नाव मधल्या जागी अधोरेषा देऊन ‘जांब_समर्थ’ असे लिहावे लागते.