अडगावचे शिपाई

दिवाळीच्या किल्ल्यावरचे जुने मातीचे मावळे लेकाने यंदा पुन्हा रंगवायला काढले. म्हणे, अडगावची लढाई मांडायची! तेच, आपल्या तेल्हाऱ्याकडचं अडगाव. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथे नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडेस्वार जनरल वेलस्लीपुढे हरले. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ ला देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांकडून निसटून निजामाकडे गेलं.

रंगवायला मीही बसले. आधी सपाट रंग. तो वाळला की पाण्याने पातळ केलेला काळसर रंग अंगरख्याच्या चुण्यांत सोडायचा, शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका हात. (तलवारी रंगवतोय हे सासूबाईंना आधीच खटकलेलं.) इंग्रजांकडच्यांना लाल डगले दिले. त्यांच्या चेहऱ्यांसाठी लेकाने गुलाबी कालवला, तेव्हा मी थांबवलं. वेलस्लीकडे गोरे थोडेच, बाकी मद्रास फौजेतले देशी शिपाई.

"मग यातले आपले कोणते?"

मला पटकन सांगता येईना. वाटीत तपकिरी उरला होता, त्याने तोच दोन्हीकडे लावला.