टर्बोभारित मोटार-एंजिन : मंदगतीतील अडखळ

पेट्रोल एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूच्या ऊर्जेवर लहान टरबाइन फिरवून त्याच दंडावरील संपीडकाने सिलिंडरांत वातावरणीय दाबापेक्षा अधिक दाबाची हवा भरणे, यास टर्बोभरण म्हणतात [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. अशा एंजिनाची शक्ती कारखान्याने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे वाढविली असता ते भरधाव वेगात सुरळीत चालते; मात्र मोटार चौकात उभी असताना किंवा प्रवेगक जेमतेम दाबलेला असताना अडखळते, असा अनुभव वारंवार येतो. कारागीर यास ‘मिसिंग’ म्हणतात. दोष टर्बोभारकाचाच समजून पुष्कळदा तो बदलला जातो, मोठा खर्च होतो आणि अडखळ तशीच राहते.

वस्तुतः मंदगतीत टर्बोभारक जवळजवळ काहीच काम करीत नसतो. थ्रॉटल झडप मिटत आलेली असल्याने अंतर्ग्रहण नलिकेतील निरपेक्ष दाब वातावरणीय दाबाच्या सु. एक-तृतीयांश एवढाच असतो. दोन लिटरच्या आसपासचे एंजिन मंदगतीत सेकंदाला सु. २ ते ४ ग्रॅ. हवा घेते, तर पूर्ण भाराला १०० ग्रॅ.हून अधिक. एखाद्या सैल नळीतून सेकंदाला अर्धा ग्रॅम हवा न मोजता आत शिरली, तर पूर्ण भाराला तिचा पत्ताही लागत नाही. मंदगतीत मात्र ती एकूण हवेचा आठवा ते चौथा हिस्सा ठरते. म्हणजे ही अडखळ बहुतांशी दाबाची नसून मापनाची असते. टर्बोभारित मोटारीचा इतिहास हा निम्म्याने तरी हवा मोजण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

टर्बोभरणाची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची असून त्यांचे एकस्व (पेटंट) १९०५ मधील आहे. जहाजे, आगगाड्या व विमाने यांच्या एंजिनांत ती प्रथम रुजली. ही एंजिने बराच काळ जवळजवळ स्थिर भारावर चालत असल्याने अल्पभाराचा प्रश्न तेथे तितकासा टोचला नाही. तरी तो अगदीच नव्हता असे नाही. याचे एक उदाहरण नागपूरशी संबंधित आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत आणि टपालाची व उतारूंची अदलाबदल करून परतत. या सेवेतील डकोटा विमानांच्या एंजिनांत हवा भरणारा संपीडक टरबाइनाने नव्हे, तर दंतचक्रांनी फिरत असे. तथापि अशा एंजिनांचाही स्वभाव तोच : जमिनीवर फार वेळ मंदगतीत ठेवल्यास समृद्ध मिश्रणामुळे व इंधनातील शिशामुळे ठिणगी-गुडद्यांवर साका बसतो. म्हणूनच उड्डाणापूर्वी एंजिनाची गती वाढवून दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने तपासण्याची शिस्त वैमानिकांना लावली गेली.

मोटारींत टर्बोभारक १९६२ मध्ये अमेरिकेत आला. ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या दोन्ही गाड्यांत कार्ब्युरेटर संपीडकाच्या आधी बसविलेला असे. त्यामुळे पेट्रोलचे थेंब संपीडकातून व लांब नळीतून जाताना भिंतींवर जमत आणि थंड एंजिन मंदगतीत कुरकुरे. यूरोपात बीएमडब्ल्यू २००२ टर्बो (१९७३) या गाडीत यांत्रिक अंतःक्षेपण होते. मात्र अपस्फोट टाळण्यासाठी संपीडन गुणोत्तर ६·९ : १ इतके उतरविल्याने अल्पभाराला तिचे एंजिन निर्जीव वाटे आणि पुढे शक्ती एकदम उसळून येई. १९७७ मध्ये पुढे आलेल्या साब ९९ टर्बोमध्ये लहान टर्बोभारक व जादा निष्कास वायू परस्पर सोडून देणारी झडप यांचा मेळ घातला गेला आणि टर्बो मोटार रोजच्या वापराची झाली.

खरा बदल घडविला तो इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपणाने. बॉश कंपनीच्या डी-जेट्रॉनिक (१९६७) पद्धतीत नलिकेतील दाबावरून हवेचा हिशेब होई. एल-जेट्रॉनिकमध्ये (१९७३) आत येणारी हवा झडपेने प्रत्यक्ष मोजली जाऊ लागली आणि १९८० नंतर तिची जागा तप्त तारेच्या मापकाने घेतली. निष्कासातील ऑक्सिजन संवेदकाची भर १९७६ मध्ये पडली. हे दोन पंथ आजही टिकून आहेत व दोषशोधनात गाडी कोणत्या पंथाची, हे आधी पाहणे अगत्याचे ठरते. कारण तोच फेरफार एकीत निरुपद्रवी, तर दुसरीत घातक असतो. थ्रॉटल मिटताच कोंडलेली हवा फुत्कारून बाहेर टाकणारी झडप हौसेने बसविली जाते. हवा-मापक असलेल्या गाडीत ती हवा आधीच मोजलेली असते. ती बाहेर गेल्यावर पेट्रोल मात्र तिच्या हिशेबाने पडते आणि गाडी गुदमरते. दाब-मापनाच्या गाडीत हे घडत नाही. तेथे मोठ्या उत्थापनाचा कॅमदंड बसविल्यास नलिकेतील दाब अस्थिर होऊन हिशेब चुकतो.

महाराष्ट्रात टर्बो-डीझेल गाड्या आधी रुळल्या. नाशिकला तयार झालेली महिंद्र स्कॉर्पिओ (२००२) हे त्यांतील ठळक नाव. टर्बो-पेट्रोलचा आरंभीचा नमुना म्हणजे २००४ मधील १५० अश्वशक्तीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. टाटांचे १·२ लि. रेव्होट्रॉन एंजिन २०१४ मध्ये झेस्ट गाडीतून आले आणि पुण्याजवळील चाकण व रांजणगाव येथून अशा गाड्या सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचल्या. त्यांच्यामागोमाग संगणकातील इंधन-कोष्टक बदलून शक्ती वाढविण्याची हौसही आली.

या हौसेतील सर्वांत दुर्लक्षित भाग अंतःक्षेपकाचा आहे. विजेचा आदेश मिळाल्यापासून त्याचे तोंड प्रत्यक्ष उघडेपर्यंत सु. एक सहस्रांश सेकंद जातो व हा काळ विद्युत् घटाच्या दाबानुसार कमीजास्त होतो. मोठे अंतःक्षेपक बसविले की मंदगतीतील उघडझाप इतकी आखूड होते, की तिचा बराचसा भाग या विलंबातच संपतो. विलंबाचे योग्य आकडे कोष्टकात न भरता केवळ मुखाचा आकार नोंदविणे म्हणजे तराजूचे पासंग न पाहता वजन करण्यासारखे आहे. ठिणगी-गुडदीची फटही येथे आड येते : अधिक दाबात ठिणगी विझू नये म्हणून ती ०·६ ते ०·७ मिमी.पर्यंत कमी केली जाते, पण मंदगतीतील विरळ भरणाला इतकी तोकडी ठिणगी पेटवू शकतेच असे नाही.

संगणक ऑक्सिजन संवेदकाच्या आधारे इंधनात जी दुरुस्ती करतो, तिचे आकडे निदानाला फार उपयोगी पडतात. मंदगतीत मोठी वाढ व गती वाढताच ती ओसरणे, हे झडपेपुढील गळतीचे लक्षण होय. भाराबरोबर वाढ होत गेल्यास इंधन पंप, गाळणी किंवा मळलेला हवा-मापक संशयास्पद ठरतो. गळती शोधण्यासाठी नलिकेत मंद दाबाने धूर सोडतात. यानंतरच कोष्टकाला हात लावावा. गळक्या एंजिनावर केलेली जुळणी गळती बुजताच चुकीची ठरते.

नागपूरच्या हवामानात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. शहर समुद्रसपाटीपासून सु. ३१० मी. उंचीवर असून २३ मे २०१३ रोजी तेथे ४७·९° से. तापमान नोंदविले गेले. १५° से.च्या तुलनेत ४५° से.ला हवेची घनता सु. ९ टक्क्यांनी घटते. त्यात उभ्या गाडीच्या झाकणाखालील उष्णतेने हवेचा तापमान-संवेदक तापतो व प्रत्यक्ष हवेपेक्षा अधिक आकडा दाखवितो. संगणक त्यानुसार इंधन कमी करतो. चुकीच्या संवेदकावर विसंबण्याचा धोका नागपूरकरांना वेगळ्या संदर्भात परिचित आहे : मे २०२४ अखेरीस येथील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६° से. तापमान दाखविले आणि तो यंत्राचा बिघाड असल्याचे नंतर निष्पन्न झाले.

इंधनातही बदल झाला आहे. शुद्ध पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४·७ पट हवा लागते, तर २०% इथेनॉलमिश्रित पेट्रोलला सु. १३·५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला सु. ८ ते ९ टक्के अधिक इंधन हवे. मूळ स्थितीतील संगणक हा फरक भरून काढतो. ऑक्सिजन संवेदक बंद करून जुळविलेली गाडी तो काढू शकत नाही व विरळ मिश्रणाने अडखळते. उलट मिश्रण मुद्दाम समृद्ध ठेवल्यास न जळलेले पेट्रोल वंगण तेल पातळ करते व निष्कासातील उत्प्रेरक परिवर्तक जाळून टाकते. प्रदूषण-नियंत्रण प्रमाणपत्रासाठीची तपासणी मंदगतीतच होते आणि भारत स्टेज ४ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना तीत कार्बन मोनॉक्साइडाची मर्यादा ०·३% आहे. रस्त्यावर वेगाने धावणारी गाडी तेथे नापास होते ती यामुळेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये गाडीच्या मूळ रचनेतील फेरफारांवर निर्बंध आहेत. इंधन-कोष्टकातील बदल मात्र बाहेरून दिसत नसल्याने तो बहुधा या तपासणीतच उघडकीस येतो.