गर्भपातविषयक कायदे : देशोदेशी आणि नागपुरात

गर्भ किती आठवड्यांपर्यंत, कोणत्या कारणासाठी, कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या हातून काढता येईल, हे ठरवणारे कायदे. देश बदलला की या चारही प्रश्नांची उत्तरे बदलतात. नागपुरात सीताबर्डीवर एखादी बाई सोनोग्राफी करून बाहेर पडते, तेव्हा हातातल्या कागदावर ‘१९ आठवडे ४ दिवस’ असे काही छापलेले असते. हे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, हे पुष्कळ जणींना तिथेच पहिल्यांदा कळते. कायद्यातले कारण असेल, तर त्या आकड्यावर नागपुरात एका डॉक्टरचे मत पुरते. चार दिवसांनी दोन डॉक्टर लागतात आणि पात्र स्त्रियांची यादी आखडते. लंडनला दोन डॉक्टर सुरुवातीपासूनच लागतात, पण मुदत २४ आठवड्यांची. फ्रान्समध्ये केवळ बाईच्या मागणीवर मिळणारी मुदत तोवर उलटून गेलेली असते. कॅनडात १९८८ पासून गर्भपाताविरुद्ध फौजदारी कायदाच नाही. कोलंबोत आईच्या जिवाला धोका नसेल, तर आठवडा कोणताही असो, गुन्हा ठरतो.

कोलंबो आणि नागपूर यांच्या कायद्याचे मूळ मात्र एकच. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ नुसार आईचा जीव वाचवण्यासाठी केलेला सोडून प्रत्येक गर्भपात गुन्हा होता. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गर्भाची हालचाल सुरू झाल्यावर सात वर्षांपर्यंत. आणि बाई स्वतःसुद्धा आरोपी. इंग्रजांनी हाच साचा १८८३ मध्ये श्रीलंकेत नेला, तिथे तो अजून तसाच आहे. बांगलादेशाने कलम जागेवर ठेवले, पण १९७९ पासून सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात ‘पाळी नियमित करणे’ या नावाखाली सोय दिली. इंग्रजांच्या अमलाबाहेर राहिलेल्या नेपाळात गर्भपातासाठी बायका तुरुंगात जात. २००२ च्या दुरुस्तीनंतर तिथे १२ आठवड्यांपर्यंत बाईची इच्छा पुरेशी ठरली.

कलम ३१२ चा आणि बालहत्येच्या कलमांचा बडगा कोणावर पडत होता, हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते दिवस गेलेल्या विधवांसाठी. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे ती शिक्षा कमी झाली. त्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर जे लिहिले गेले, त्याला उत्तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ च्या ‘स्त्रीपुरुष तुलना’त दिले. त्या बाईला तिथवर कोणी नेले, हा वऱ्हाडातून आलेला प्रश्न गर्भपाताच्या चर्चेत आजही सगळ्यांत शेवटी विचारला जातो.

१९६४ मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. त्यांच्या १९६६ च्या अहवालावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. गर्भपात हा बाईचा हक्क मानणारा अमेरिकेतला रो खटल्याचा निकाल त्यानंतरचा, जानेवारी १९७३ चा. पण भारतीय कायद्याने बाईला हक्क दिलेला नाही. सद्भावनेने गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला शिक्षेतून सूट दिली आहे. कलम ३१२ आजही जिवंत आहे, फक्त भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक ८८ झाला. हा फरक वकिली वाटतो, पण दवाखान्यात तो पदोपदी जाणवतो. संमतीच्या ‘फॉर्म सी’वर सज्ञान बाईची एकटीची सही पुरते, नवऱ्याच्या सहीला त्यात जागाच नाही. तरी ‘मिस्टरांना घेऊन या’ हे वाक्य किती जणींनी ऐकलेले असते! शिक्षेच्या भीतीने डॉक्टर कायद्यापेक्षा जास्त मागतो, आणि प्रत्येक मागणीत दिवस जातात.

दुसरा घोळ सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवरच्या, गर्भलिंग निदान हा गुन्हा असल्याचे सांगणाऱ्या फलकाचा. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्र सरकारचा १९९४ चा. तो कायदा हवाच होता. पण गुन्हा आहे तो लिंग शोधण्याचा, आणि लोकांच्या मनात गर्भपातच बेकायदा अशी समजूत बसली. ती मोडायला हवी.

जीव वाचवण्याचा कागदावरचा अपवाद किती तोकडा पडतो, हे सविता हलप्पनवार यांच्या मृत्यूने जगाला दिसले. बेळगावच्या या ३१ वर्षांच्या दंतवैद्य आयर्लंडमध्ये गॉलवे येथे राहत. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाले. गर्भाचे ठोके चालू होते म्हणून मागूनही गर्भपात झाला नाही, जंतुसंसर्ग पसरला आणि २८ ऑक्टोबरला त्या गेल्या. मे २०१८ च्या सार्वमतात आयरिश जनतेने ६६.४ टक्के मतांनी घटनेतली बंदी काढली. आता तिथे १२ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. पोलंड २०२० मध्ये आणि अमेरिकेतली अनेक राज्ये २०२२ मध्ये उलट्या दिशेने गेली.

भारतात २० आठवड्यांची मुदत वाढायला ५० वर्षे लागली. २००८ मध्ये मुंबईच्या एका दांपत्याने डॉ. निखिल दातार यांच्यासह उच्च न्यायालयात धाव घेतली. गर्भाच्या हृदयात दोष होता आणि २० आठवडे उलटले होते. परवानगी मिळाली नाही. २०२१ च्या दुरुस्तीने बलात्कारपीडित, अल्पवयीन, दिव्यांग, विधवा किंवा घटस्फोटित अशा स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवडे केली. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही त्यात धरले. गर्भात गंभीर व्यंग असेल, तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही गर्भपात होतो, त्याला कोर्टाची गरज कायद्यात नाही. तरी रुग्णालये कोर्टाचा कागद मागत राहिली. वर्धा जिल्ह्यातल्या एका विवाहितेला त्यासाठीच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात यावे लागले. त्या प्रकरणातून २०२४ मध्ये राज्याने कार्यपद्धती ठरवली, आणि व्यंगाच्या प्रकरणांत थेट मंडळाकडे जाण्याची वाट मोकळी झाली. ज्या अल्पवयीन मुलीचे दिवस चोविसाव्या आठवड्यानंतर कळतात, गर्भ निरोगी असतो आणि तिच्या जिवाला तातडीचा धोका नसतो, तिला मात्र आजही सिव्हिल लाइन्समधल्या खंडपीठाच्या त्याच इमारतीत याचिका घेऊन यावे लागते. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून निघाली तर तिथवर पोचायलाच एक दिवस जातो.